तीन बोटांचा टेकू

कुंभिवलीला हायवेवर टायरच्या दुकानाच्या माडीवर एक पूल पार्लर आहे. टेबलं दोन, त्यातलं एक खिडकीकडे कललेलं. गेल्या वर्षी तिथल्या जोड्यांच्या स्पर्धेत मी आणि माझा शाळेपासूनचा दोस्त खेळलो. बॅनर, ट्रॉफी, वडापाव, सगळं एका लेबर कॉन्ट्रॅक्टरचं. त्यानंच दोस्ताला मोहोपाड्याकडच्या एका कारखान्यात लावलं होतं. प्रेस मशीनखाली त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली, तेव्हा 'हलकं काम बघू' म्हणत चार महिने घरी बसवलं तेही त्यानंच. दोस्ताला गेटवर रजिस्टर लिहायचं काम हवं होतं. एवढंच.

"नको रं," तो म्हणाला. "त्याच्या बॅनरखाली नाय खेळायचं मला."

"बॅनर त्याचा हाय, खेळ आपला हाय. लोकांना हात दिसू दे."

युनियनची पत्रकं लिहून लिहून मला अशी वाक्यं सुचतात. लोकांना दिसलं की काहीतरी होतं, असं मला तेव्हा खरंच वाटायचं.

पूलमध्ये डावा हात टेबलावर टेकवून त्यावरून क्यूची काठी सरकवतात. आठवडाभर दुपारी सराव करून त्यानं अंगठा आणि उरलेल्या दोन बोटांचा नवा टेकू बसवला. जखमेची जागा लाल व्हायची. तो हात पँटला पुसायचा आणि पुन्हा टेकवायचा.

पहिल्याच डावात समोरचा म्हणाला, "आमी पण दोन बोटं दुमडून खेळू काय?"

"खेळ की. हरल्यावर सांगायला बरं," दोस्त म्हणाला.

फायनल कललेल्या टेबलावर होती. सोपा बॉल मी चुकवला. शेवटी काळा राहिला, तो पाडेल तो जिंकणार, आणि पाळी दोस्ताची. मी मोबाईल काढला. त्यानं इतकं हलकं मारलं की काळा उतारानं आपोआप घरंगळत खिडकीकडच्या पॉकेटात गेला. कॉन्ट्रॅक्टरनं त्याचा तोच हात वर धरून फोटो काढून घेतला.

मी व्हिडिओ स्टेटसला टाकला. खाली लिहिलं: दोन बोटं गेली, तरी हात कुठंच कमी पडला नाही.

सोमवारी आम्ही अर्ज घेऊन कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसात गेलो. त्यानं अर्ज उघडलाच नाही. मोबाईल पुढं सरकवला.

"हे तुमीच लिवलंय ना? हात कुठंच कमी पडला नाही. मग हलकं काम कशाला? उद्या प्रेसवर येऊ दे."

मी भांडलो. खेळ वेगळा, मशीन वेगळं, कायदा आहे, सगळं बोललो. बोटं जातात तेव्हा कामगार हलगर्जी असतो आणि बॉल पडला की तोच ठणठणीत, हेही सुनावलं. तो शांतपणे चहा पीत राहिला. दोस्त खिशात हात घालून उभा होता.

जिन्यात तो म्हणाला, "तुजी लाईन चांगली व्हती रं."

मंगळवारी तो प्रेसवर गेला. घरी बसणं त्याला परवडणारं नव्हतं. मी स्टेटस काढून टाकलं, त्याचा काय उपयोग. पत्रक काढू का विचारलं, तर म्हणाला, "माज्यावर नको काडू."

मग हात कसा आहे, असं मी विचारलं.

"पत्रा मशीनखाली सरकवायला तोच टेकू लागतो," तो म्हणाला. "बरा झाला सराव."