कोरड्या तोटीची उपमा

काल नळाची जुनी तोटी काढताना बोटांना गंजाचा वास लागला आणि चितेगावजवळची शाळा आठवली. तेव्हा शहर वाढत होतं, गावाला पाणी टँकरनं यायचं. मी नवा मास्तर, घरातला पहिला पदवीधर. उपमा शिकवायला खेळ काढला: पिशवीत न बघता हात घालायचा, वस्तू कशासारखी वाटते ते सांगायचं.

चौथीतल्या सुनंदाच्या हाती गावच्या कोरड्या नळाची तोटी आली. "माहेरचं कुणी येईना झालेल्या बाईसारखी गप हाय, सर."

मला संशय आला. "कुणाचं चोरलंस गं?"

"चोरलं नाय सर. माझी आई तशीच बसती."

तरी मी तिची वही मागवून ते वाक्य शोधत बसलो. कॉलेजात माझाही निबंध असाच तपासला होता, कारण माझा बाप अंगठा लावायचा. त्या दिवशी मला ते आठवलं नाही.