पंपाचं कार्ड

मुलुंडच्या त्या बिल्डिंगमध्ये मी शिरले तेव्हा कंपाउंडमधल्या टाकीचं लोखंडी झाकण उघडं होतं आणि वॉचमन आत बांबू घालून ढवळत होता. आठ वर्षांची मंजू वीस मिनिटं सापडत नव्हती.

मंजू माझी पेशंट. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची साधी कामं ज्यांना जड जातात त्यांना ती शिकवणारी. मंजूला ऑटिझम होता. ऐंशीच्या दशकात हा शब्द बऱ्याच डॉक्टरांनाही नवा होता, शेजारी तर सरळ वेडी म्हणून मोकळे व्हायचे. ती बोलत नसे, हाकेला वळत नसे. दिवसाचा क्रम जरा बदलला की डोकं भिंतीवर आपटायची. म्हणून मी चित्रांची कार्डं करून दिली होती. आंघोळ, चहा-चपाती, वेणी, पंप. भिंतीवर ओळीनं लावायची आणि एकेक उरकायचं. पंप म्हणजे टाकीतलं पाणी गच्चीवर चढवणारी मोटर. सकाळी ती सुरू झाली की मंजू आईबरोबर खाली येऊन पंपरूमच्या दाराला तळहात लावून उभी राहायची. महिनाभर डोकं आपटणं बंद होतं. मी स्वतःवर भलतीच खूश होते.

त्या दिवशी टाकी साफ करायची होती. पंप बंद, झाकण काढलेलं, सफाईवाले चहाला गेलेले. टाकीत अजून छातीभर पाणी होतं. मंजूची आई टाकीकडे पाठ करून उभी होती.

"बाई, मी घराची कडी लावूक इसारलंय," ती म्हणाली. "ह्येच्यात नाय मां ती?"

तेवढ्यात वॉचमन म्हणाला, "कुछ लगा." इतकी भीती मला आयुष्यात वाटली नव्हती. बांबूला लागून वर आलं ते जुनं गोणपाट.

मी वर मंजूच्या घरात कार्डं बघायला गेले. भिंतीवर आंघोळ होती, चहा होता, वेणी होती. पंपाचं कार्ड नव्हतं.

मी धावत खाली आले. सगळे मंजूच्या नावानं ओरडत होते. मी म्हटलं, "दोन मिनिटं कुणी बोलू नका." शांतता झाली तशी लांबून बारीक घरघर ऐकू आली. रस्त्यापलीकडच्या तिसऱ्या बिल्डिंगचा पंप चालू होता.

मंजू तिथेच होती. तळहात दाराला, कार्ड दुसऱ्या हातात. ट्रकचा रस्ता ती एकटी ओलांडून गेली होती. आई तिला उचलून रडायला लागली. मंजूचं लक्ष मोटरकडेच.

टाकी साफ होणार ही नोटीस दोन दिवस बोर्डावर होती. मंजूच्या आईनं बादल्याही भरून ठेवल्या होत्या. सगळ्या बिल्डिंगला ठाऊक होतं, फक्त मंजूला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कसं? मी अकरा कार्डं केली होती, त्यात 'आज नाही' असं एकही नव्हतं. कडी आई विसरली, पण हे मी विसरले होते.

त्याच दुपारी मी पंपाच्या चित्रावर लाल फुली मारलेलं बारावं कार्ड केलं. पुढे एकदा पंप बिघडला तेव्हा आईनं ते लावलं. मंजू अर्धा तास रडली, पण घराच्या दाराकडे गेली नाही.

तेव्हापासून कुणालाही कार्डं करून देताना पहिलं कार्ड मी फुलीचं करते.