कोर्ट उठेपर्यंत

कागद हातात आला की ताई तो आधी पालथा घालायच्या. शेवटचं पान वर घ्यायच्या, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढायच्या आणि म्हणायच्या, "वरचं सगळं भांडण असते, भाऊ. खाली काय झालं ते पाहू." पहिलं पान त्या सगळ्यात शेवटी वाचत, तेही मन झालं तर.

तुमच्याही मोहल्ल्यात असं एखादं माणूस असेल, ज्याच्याकडे सगळे कागद घेऊन जातात. आमच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, त्या होत्या. रायपूरच्या कोर्टात नकल शाखेत, म्हणजे निकालांच्या प्रती काढून देतात त्या खोलीत, त्यांची सगळी नोकरी गेली. वडील रेल्वेत होते, भंडाऱ्याकडून आलेले. ताईंनी लग्न केलं नाही. एक भाची सोबत राहायची. ताई तिच्याशी मराठीत बोलायच्या, ती हिंदीत उत्तर द्यायची, आणि दोघींचं त्यात काही अडायचं नाही.

आधीच सांगून टाकतो, या बाईंवर माझा राग आहे. सिलतऱ्याच्या एका मोठ्या लोखंड कारखान्याच्या चौकीदारीचं काम माझ्या अगदी हाताशी आलं आणि निसटलं. ते त्यांच्यामुळे गेलं असं मी पाऱ्यात चार लोकांसमोर ओरडून सांगितलं होतं. आज तसं म्हणणार नाही. पण रागाचीही सवय लागते, ती लगेच सुटत नाही.

मी स्वतः सदर बाजारात एका सराफाच्या दारात काठी घेऊन उभा राहिलेला माणूस आहे. बारा तास उभा, बसायला स्टूलही नाही. त्यातून उठून स्वतःची गार्ड एजन्सी काढली. कोणी बोट धरलं नाही. जे मिळवलं ते समोरच्याशी हुज्जत घालून, भाव पाडून, आवाज चढवून मिळवलं. अशा माणसाला कोणी शांतपणे ‘नाही’ म्हटलं की त्याला ते ऐकूच येत नाही.

ताईंची आणि माझी ओळख झाली ती अशाच एका चढवलेल्या आवाजातून. कारखानेवाले प्रत्येक गार्डची कोर्टातली पाटी कोरी आहे का ते तपासून घेतात. ती तपासणी करणारी कंपनी कुठल्या तरी दूरच्या शहरात बसते आणि मोबाईलवर अहवाल पाठवते. अभनपूरच्या माझ्या एका गार्डच्या नावापुढे लिहून आलं, ‘प्रकरण निराकृत’. तो शब्दच मला पोलिसी वाटला. मी त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं. तो नुसतं "हव साहेब" म्हणाला आणि टोपी टेबलावर ठेवून गेला.

दुसऱ्या दिवशी ताईंचा निरोप आला की येऊन जा. त्या गार्डची बायको कागद घेऊन त्यांच्याकडे पोचली होती. मी तिथे गेलो तो तावातावानेच. त्यांनी मला बसायला सांगितलं, आणि मी बसल्यावर कागद माझ्यापुढे सरकवला.

"निराकृत म्हणजे कोर्टानं फाईल बंद केली, इतकंच. काहून बंद केली, ते यात कुठी लिहिलं हाय?"

मी कागद पाहिला. कुठेच लिहिलं नव्हतं. त्यांनी दरम्यान कोर्टातल्या जुन्या सहकाऱ्याकडून शेवटचं पान आणवलं होतं. शेताच्या बांधावरून झालेल्या मारामारीत त्याचं नाव उगाच घुसवलं होतं, आणि साक्षीपुरावे होऊन तो दोषमुक्त झाला होता. मी त्याला परत कामावर घेतलं. माफी मागितली नाही, पण टोपी माझ्या हाताने त्याला दिली.

तेव्हापासून प्रत्येक अहवाल मी त्यांच्याकडे न्यायला लागलो. त्यांनी मला धडे दिले ते ओसरीवर, शेंगा सोलता सोलता. दोषमुक्त म्हणजे खटला पूर्ण चालून सुटला. उन्मोचित म्हणजे खटला उभाच राहिला नाही, दारातूनच परत पाठवलं. राजीनामा म्हणजे दोघांनी आपसात मिटवलं. सिद्धदोष म्हणजे गुन्हा शाबीत झाला. "चारही फाईलींवर निराकृतच लिहिलेलं असते," त्या म्हणायच्या, "आणि तुमच्यासारखे लोक तेवढंच वाचून माणसाची भाकर काढून घेतात."

एकदा माझा एक गार्ड त्यांच्या अंगणात उभा होता आणि त्याच्या अहवालात तो फरार होता. जुन्या तारखेला हजर राहिला नव्हता, वॉरंट निघालेलं, याला पत्ताच नाही. गेली सहा वर्षं तो एका बँकेच्या दारात युनिफॉर्म घालून रोज उभा होता. ताई हसून हसून खोकल्या. मग म्हणाल्या, "तू फरार हायेस बाबा. आधी चहा पिऊन घे, मंग कोर्टात जाऊ." आणि खरंच त्याच्यासोबत रिक्षात बसून गेल्या. वॉरंट रद्द होईपर्यंत त्याला बाहेरच्या बाकावर एकटं बसू दिलं नाही.

मग सिलतऱ्याचं काम निघालं. एवढं मोठं काम मला आधी कधी मिळालं नव्हतं. भावताव झाला, माणसं ठरली, फक्त एक अर्ज भरायचा राहिला होता. त्यात मालकासाठी एक रकाना होता: आपणास कोणत्याही गुन्ह्यात कधी दोषी ठरवले आहे काय? मी ‘नाही’ लिहायला पेन टेकवलंच होतं. ताईंकडे अर्ज दाखवायला गेलो तो केवळ बढाई मारायला.

तिथे मी त्यांना माझ्या जवानीतला किस्साही सांगितला. सराफाच्या दारात असताना गाडी लावण्यावरून एकाशी बाचाबाची झाली, मी त्याला मारलं, केस झाली. वकील म्हणाला, लढलास तर तीन वर्षं तारखा खाशील. कबूल करून टाक, आजच संपेल. मी कबूल केलं. थोडा दंड झाला आणि कोर्ट उठेपर्यंत तिथेच बसायला सांगितलं. मी बाकावर बसून फुटाणे खाल्ले, पाच वाजता साहेब उठले, मी घरी आलो. तीन वर्षांचं काम एका दिवसात उरकलं. आयुष्यातला पहिला चांगला सौदा, असं मी वर्षानुवर्षं लोकांना सांगत आलो होतो.

ताईंनी शेंगा बाजूला सारल्या.

"भाऊ, तुम्ही सुटले नाही. ती शिक्षाच होती. तुम्ही शिक्षा भोगून घरी आले."

मी म्हटलं, बाकावर बसणं ही कसली शिक्षा. त्या म्हणाल्या, कोर्ट उठेपर्यंतची कैद, कागदावर तेच नाव आहे. कबूल केलं म्हणजे सिद्धदोष. मी जे करतो तेच केलं, भाव करायला लागलो. ‘किरकोळ प्रकरण’ लिहू? ‘प्रकरण निकाली’ लिहू, ते खोटं तर नाही? रकाना रिकामा सोडू?

"‘होय’ लिहा आणि खाली खुलासा लिहा," त्या म्हणाल्या. एकदाच म्हणाल्या. मग शेंगांची परात पुढे ओढली.

मी ‘नाही’ लिहिलं आणि सही केली.

पंधरा दिवसांनी कारखान्याच्या अधिकाऱ्याने बोलावलं. टेबलावर माझा अर्ज होता आणि शेजारी तपासणीचा अहवाल. तो भला माणूस होता. म्हणाला, "इतनी पुरानी बात थी, आप लिख देते तो हम देख लेते. अब मैं झूठ का क्या करूँ?" मी त्याच्याशीही घासाघीस करून पाहिली. त्याने अर्ज बंद करून बाजूला ठेवला.

तिथून मी थेट ताईंच्या दारात आलो. रस्त्यावर उभा राहून म्हणालो की तुम्हीच त्यांना कळवलं, ती शिक्षा होती हे फक्त तुम्हाला माहीत होतं. आजूबाजूच्या खिडक्या उघडल्या. भाची बाहेर येऊन म्हणाली, "अंकल, धीरे बोलिए." ताईंनी तिला आत पाठवलं आणि दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

"मले कळवायचंच असतं, तर तुम्हाले आधी काहून सांगितलं असतं?"

मी आणखी ओरडलो. म्हटलं, एवढं माहीत होतं तर माझा हात का नाही धरला? एकदा सांगून शेंगा काय सोलत बसलात?

त्या हळूच म्हणाल्या की असे हजारो आदेश त्यांनी आपल्या हाताने उतरवले होते. पाच वाजता त्या खोलीतून घरी निघायच्या तेव्हा हीच माणसं फाटकातून हसत बाहेर पडत असायची, एकमेकांना टाळ्या देत. "मी कोनालेच सांगितलं नाही, भाऊ. तीस वर्षं. तुम्ही पहिले, ज्याले सांगितलं."

मी ऐकलं आणि निघून गेलो. सात-आठ महिने त्या गल्लीतून गेलो नाही. गार्डांचे कागद मी ताईंकडे दुसऱ्याच्या हाती पाठवत होतो, आणि ते वाचून नीट परत येत होते. एकदा त्या कागदांसोबत एक जाड पाकीट आलं. माझ्या केसची अख्खी फाईल, कोर्टाच्या शिक्क्याची प्रत. सोबत चिठ्ठी नव्हती. मी पाकीट कपाटात टाकलं, उघडलं नाही.

पुढच्या वर्षी त्याच कारखान्याने पुन्हा अर्ज मागवले. जे काम दुसऱ्याला गेलं होतं ते त्याला झेपलं नव्हतं. रकाना तोच होता. दोन दिवस अर्ज घेऊन बसलो आणि तिसऱ्या दिवशी पाकीट काखेत मारून ताईंकडे गेलो. त्या खाटेवर होत्या. बऱ्याच खंगलेल्या. मला पाहून म्हणाल्या, "या. कागद आणला असेलच." मागचं काही काढलं नाही. मीही काढलं नाही.

‘होय’ लिहिलं. खाली खुलाशाला पाच ओळी होत्या. मी लिहिलं की समोरच्याने आधी शिवी दिली, गाडी त्याने चुकीची लावली होती, मी तरुण होतो, नोकरीचा प्रश्न होता. त्यांना वाचून दाखवलं.

"त्या माणसाचं नाव काय होतं?" त्यांनी विचारलं.

मला आठवेना. वकिलाचं नाव आठवत होतं, साहेबांचा चष्मा आठवत होता, फुटाण्यांची पुडी आठवत होती. त्यांनी हात पुढे केला, पाकीट उघडलं, आणि पहिल्यांदाच मी त्यांना एखादी फाईल पहिल्या पानापासून वाचताना पाहिलं. तो सदर बाजारात घड्याळं दुरुस्त करायचा. वय अठ्ठावन्न. मुलाहिजा, म्हणजे डॉक्टरी तपासणीचा कागदही जोडला होता: खालचा ओठ फाटलेला, दोन टाके. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. इतकी वर्षं माझ्या गोष्टीत तो माझ्याच वयाचा, माझ्याच अंगाचा एक माजोरडा माणूस होता.

"फार लागलं होतं काय त्याले?" त्या म्हणाल्या. मला वाटतं, त्या मला विचारत नव्हत्या. कागदालाच विचारत होत्या.

मी लिहिलेलं सगळं खोडलं. शेजारच्या जागेत लिहिलं: रागाच्या भरात मी एका अठ्ठावन्न वर्षांच्या घड्याळवाल्याला मारले. त्याच्या ओठाला दोन टाके पडले. मी गुन्हा कबूल केला व शिक्षा भोगली. लिहिताना अक्षर बिघडलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, काही सुचवलं नाही, आणि भाचीला हाक मारून माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितलं.

महिनाभराने कारखान्याचं पत्र आलं. त्याच अधिकाऱ्याची सही. काम माझ्या एजन्सीला मिळालं होतं. पत्र खिशात घालून निघालो. वाटेत ठरवत होतो की धन्यवाद कसे म्हणायचे, आणि म्हणताना तुमच्यामुळे वर्ष वाया गेलं हेही कुठे तरी बसवायचं. आम्हा दोघांना तेवढं चाललं असतं.

गल्लीच्या तोंडाशी आलो तेव्हा त्यांच्या घराचं दार सताड उघडं दिसलं. आत पांढऱ्या साड्यांतल्या बायका बसल्या होत्या आणि बुद्धवंदनेचा आवाज येत होता. ताई गेल्याचं मला कोणी कळवलं नव्हतं. कदाचित सगळ्यांना वाटलं असेल की मी अजून भांडणातच आहे.

अंगणभर चपला होत्या. त्यांत काळ्या बुटांचे दहा-बारा जोड होते, जाड तळाचे, लेस न सोडता तसेच ओढून काढलेले. ते मी ओळखले. माझ्याच दुकानदाराकडून आणलेले, माझ्याच गार्डांचे. दिवसाचे अकरा वाजले होते, म्हणजे त्या वेळी दहा-बारा फाटकांवर कोणीच उभं नव्हतं.

एरवी मी त्या प्रत्येकाला बाहेर बोलावून तिथेच हिशेब चुकता करून कामावरून काढलं असतं. मी वाकून माझ्या बुटांच्या लेसा सोडल्या आणि ते त्यांच्या रांगेत ठेवून आत गेलो.