माडीवरच्या ऑफिसचा डबा

मंडळी, पूर्णगडला घरी बसूनच माझं कॉलेजही चालतं आणि पुण्यातल्या कंपनीची इंटर्नशिपही. आज मात्र पार कंटाळले. अंथरुणातच लॅपटॉप उघडून 'इंटर्नशिप सोडते' असा मेल लिहायला घेतला.

आई मासळी विकून आली. मला लोळताना बघून तिने गुपचूप डबा भरला.

"ऊठ, ऑफिसला जा."

"अगं, ऑफिस माडीवर आहे!"

"मग? बाबा होडीवर डबा नेतात ना? तूपण ने."

हसू आवरेना. अंघोळ केली, डबा घेऊन जिना चढले. मेल राहूनच गेला. दुपारी डब्यात तळलेला बांगडा निघाला!

संध्याकाळी खाली उतरले, तर आईने पाणी पुढे केलं. "आलीस? दमलीस गो?"

दिवसभर घरातच होते, पण घरी आल्यासारखं तेव्हा वाटलं.

घरून काम करणाऱ्यांनो, तुम्हाला असं कोण विचारतं?