पाण्याच्या पाळ्यांची शीट

सारंगखेड्याच्या नथ्थू पाटलाची बायको चेतना जाऊन सव्वा महिना झाला, तरी हा गडी रडला नव्हता. चहा समोर ठेवला तर प्यायचा, नाही ठेवला तर नाही. "दगड झाया," असं गल्ली म्हणायची. गल्लीचं काय जातंय, बोलायला थोडेच पैसे पडतात!

तापीवरून पाणी उचलणाऱ्या शेतकऱ्यांच्या पाळ्या चेतना लावायची. आधी सोसायटीच्या भिंतीवर फळा होता. ज्याचं पाणी झालं, त्यानं आपलं नाव तळहातानं पुसायचं. तिनं तो फळा मोबाईलवरच्या शीटमध्ये आणला आणि असा फॉर्म्युला घातला, की वीज गेली तरी पुढच्या पाळ्या आपोआप सरकाव्यात. पण सवय अशी जाते होय? पाणी झालं, की लोक शीटमधलीही आपली अख्खी ओळ उडवायचे. ती मुकाट्यानं रोज परत भरायची, आणि हे कोणाच्या गावीही नव्हतं. ती गेली, तशी शीटभर चुकांच्या खुणा उगवल्या. एकाच पाळीला दोघे जण पंपावर आले आणि एकमेकांची आई-बहीण काढून गेले.

"शनिवारलोंग सुधरनं नही, तर आपला फळाच बरा," सोसायटीचे चेअरमन उदेसिंगआबांनी शनिवारपर्यंतची मुदत दिली.

चेतनाच्या हातचं गावात तेवढंच उरलं होतं. ते जाऊ द्यायचं नाही, एवढं एकच नथ्थूला कळत होतं. तो धर्मचंदशेठच्या बियाण्यांच्या दुकानात गेला. शेठची मुलगी जिनल तिथला कॉम्प्युटर सांभाळायची. तिनं फॉर्म्युला नीट बसवून दिला.

"काका, आता कुलूप लावू. सगळ्यांना नुसतं दिसेल, बदल फक्त तुम्ही करायचा. पण फाईल काकूंच्या नावावर आहे."

चेतनाचा फोन त्याच्या खिशातच होता. जिनलनं फाईल त्याच्या नावावर केली आणि अडखळली. "काकूंचं नाव काढावं लागेल. त्यांच्या फोनचा पासवर्ड अख्ख्या गल्लीला माहीत आहे."

"काढ."

"तुम्हीच काढा, काका. माझ्यानं नाही होणार."

त्यानं बटण दाबलं. नाव गेलं. त्याला काहीही वाटलं नाही, आणि वाटत नाही याचीच त्याला भीती वाटली.

घरी येऊन तो ओट्यावर बसला. सवयीनं चेतनाच्या फोनवर शीट उघडली. 'तुम्हाला परवानगी नाही. मागायची?' खाली निळं बटण. आपल्याकडे बटण दिसलं की माणूस दाबतोच, त्यानंही दाबलं. तोच त्याचा स्वतःचा फोन वाजला: 'चेतना पाटील परवानगी मागत आहेत.'

उभा जन्म त्यानंच तिच्याकडे मागितलं होतं. चावी, टॉवेल, चहा. नथ्थूला भर दुपारी हुंदका फुटला.

शनिवारी जिनलचा फोन आला. पाळ्या नीट चालल्या होत्या, आबाही खूश होते. "पण काका, काकूंचं नाव परत कसं आलं?"

"तिनी मांगी," नथ्थू म्हणाला, "मी दिन्ही."