आमच्या घरात कुणालाच नाही

हे वाक्य मी डॉक्टरांसमोर दोनदा बोललो आहे – आणि दोन्ही वेळा ते खोटं होतं, हे आज पहिल्यांदा बाहेर काढतोय. तुम्हाला नवल वाटेल, कारण मी मोठा बडबड्या. ऑफिसात म्हणतात, "भिया के पेट में बात नहीं टिकती." टिकते. एक टिकली.

कुठून सुरू करू? दादापासून करतो. माझा थोरला भाऊ. आम्ही तेव्हा परदेशीपुऱ्यात राहायचो. दादाला आकडी यायची. आई कांदा फोडून त्याच्या नाकाशी धरायची, शेजारचे चप्पल हुंगवायला धावायचे – आणि मी त्याला कुशीवर वळवायचो, डोक्याखाली हात द्यायचो, लाळ पुसायचो. कुणी शिकवलं नव्हतं, करून करून आलं. मलाही लहानपणी ताप चढला की झटके यायचे. पुढे आपोआप थांबले, म्हणून कुणी मनावर घेतले नाहीत. दादा मात्र ऐन कॉलेजात आकडीतच गेला. माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा आई म्हणाली, टायफॉइडने गेला म्हणायचं, लग्न ठरेपर्यंत. लग्न ठरलं, झालं, आईही गेली. मी अजून टायफॉइडच म्हणतो.

शुभदाने, माझ्या बायकोने, या खोट्यावर विश्वास ठेवून माझ्याशी लग्न केलं. पण मला सांगायचंय ते एवढंच असतं तर – तर मी तुम्हाला कशाला गाठलं असतं?

आमची रेवा सहा महिन्यांची होती. तिला जरा सर्दी होती. सासूबाई म्हणाल्या, लस पुढे ढकल. शुभदाने ऐकलं नाही, लस देऊन आणली. संध्याकाळी ताप आला आणि त्या तापात रेवाला पहिला झटका आला. शुभदा किंचाळत होती. मी पोरीला कुशीवर वळवलं, झबल्याचे बंद सोडले, सासूबाई तिच्या तोंडात चमचा घालत होत्या तो काढून घेतला. सगळं अगदी शांतपणे. नंतर शुभदाने विचारलं, "तुम्हाला कसं मालूम हे सगळं?" मी म्हणालो, यूट्यूबवर पाहिलं होतं. काय कौतुकाने बघितलं तिने माझ्याकडे! आणि मी ते कौतुक घेतलं. निर्लज्जासारखं घेतलं.

तुकोगंजच्या डॉक्टरांनी विचारलं – घरात कुणाला मिरगी, म्हणजे आकडी? तापातले झटके? शेजारी शुभदा, मागे सासूबाई. मी म्हणालो, आमच्या घरात कुणालाच नाही. गोळी सुरू झाली. झटके वाढले. डोस वाढवला, आणखी वाढले. जवळजवळ वर्ष असं गेलं. "बाबा" म्हणायला लागलेली माझी पोर त्या वर्षात बोलायची थांबली.

मग जनुकांची तपासणी झाली. डॉक्टरांनी समजावलं – मेंदूच्या पेशींना सोडियम आत घ्यायला दारं असतात. ती घडवणारा रेवाचा एक जीन बिघडलाय, त्यामुळे अर्धी दारं उघडतच नाहीत. आणि ती गोळी उरलेली दारं बंद करत होती. तापातले झटके घरात आहेत एवढं कळलं असतं, तर आधीच संशय आला असता, ती गोळी दिलीच नसती. मग म्हणाले, "एक बार फिर सोचिए, घर में किसी को?" दुसरी संधी कुणाला मिळते हो? मला मिळाली. मी तेच वाक्य बोललो.

त्यांनी आम्हा दोघांचं रक्त तपासायला सांगितलं. निकाल ऐकायला मी एकटा गेलो – मुद्दाम. बिघाड माझ्याकडून आला होता. बापात नाममात्र आणि लेकीत एवढा भारी, असं होतं म्हणाले. पुढच्या प्रत्येक मुलाला तो जाण्याची शक्यता अर्धी. "मॅडम को लेके आइए," म्हणाले. मी घरी येऊन सांगितलं, दोघांच्याही रक्तात काही निघालं नाही.

लशीने आजार होत नाही, तापाने तो फक्त त्या दिवशी दिसला, कुठल्याही तापाने दिसला असता – हे डॉक्टरांनी शुभदाला किती वेळा सांगितलं होतं. तिला ते पटतही आलं होतं. पण आपल्या कुणाकडून आलं नाही, मग आलं कुठून? माझ्या खोट्याने तिला पुन्हा लशीपाशी नेऊन उभं केलं. रेवा आता पाच वर्षांची आहे. चालताना तोल जातो, बोलत नाही. झटका ओसरला की शुभदा तिचे पाय चेपत बसते आणि पुटपुटते, "चुकलं गं माझं." मी शेजारच्या खोलीत असतो. मला सगळं ऐकू येतं. मी उठत नाही.

आपल्यामागे रेवाला कुणीतरी हवं, असं तीच म्हणाली. रक्तात काही नाही म्हटल्यावर भीती कसली? माझ्या शब्दावर तिने ते ठरवलं. आता तिला सहावा महिना आहे. पुढे गेलेल्या प्रत्येक महिन्यात मी गप्प राहिलोय, हे मला कळत नव्हतं असं नाही.

परवा स्वयंपाकघरात पोटावर हात ठेवून ती म्हणाली, "या बाळाला मी एक पण सुई लागू देणार नाही. बस, मग काही नाही होणार. हो ना?"

मी म्हणालो, हो.