टेलचं नाव आधी

आमच्या फ्लॉपी मॅडम जेवणाच्या डब्याच्या वरच्या कप्प्यात फ्लॉपी ठेवायच्या. खाली भाकरी-भाजी आणि वर रुमालात गुंडाळलेली ती काळी चौकोनी फ्लॉपी. एसटीतल्या धुळीवर त्यांना हाच उपाय सापडला होता. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण बारामतीच्या आमच्या कॉम्प्युटर सेंटरात ते कुणी घेतल्याचं मला आठवत नाही.

इंदापूरला विहारामागच्या गल्लीत त्यांचं घर. सकाळी एसटीनं यायच्या, चपला टेबलाखाली सरकवायच्या आणि विचारायच्या, "आज कुठं बिघडलंय?" कुठंतरी बिघडलेलं असायचंच.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. काटेवाडी, लासुर्णे आणि बावडा इथल्या दूध डेअऱ्यांत एकेक कॉम्प्युटर बसवला होता. कालव्याच्या पाण्याची पाळी कुणाची कधी, याचा तक्ता आम्ही बारामतीतून इंटरनेटवर चढवायचो. तोवर पाटकरी घरोघर सांगत फिरायचा. आता तोही "कॉम्प्युटरवर बघा" म्हणून मोकळा झाला. तक्ता एक्सेलमध्ये, मराठी फॉन्टात. आमच्या पडद्यावर नावं स्वच्छ दिसायची. लासुर्ण्यात तोच तक्ता उघडला की नावांच्या जागी टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं आणि मधेमधे प्रश्नचिन्हं, कारण तिथल्या मशीनमध्ये आमचा फॉन्टच नव्हता. "आपल्याकडं दिसतंय म्हणजे तिकडं दिसतंय असं नसतं," हे मॅडम इतक्यांदा म्हणाल्या, की आमचा शिपाईसुद्धा चहा ठेवताना तेच म्हणायला लागला.

मग फॉन्ट घेऊन त्या स्वतःच गावोगाव जायच्या. फॉन्ट घातला की नावं उमटायची. पुढं कधीतरी ते मशीन दुरुस्तीला जायचं, कोरं होऊन परत यायचं आणि मॅडम पुन्हा एसटी स्टँडवर. त्यांचा थकवा बोलण्यात कधी आला नाही. चालण्यात मात्र दिसायचा.

लासुर्ण्याच्या एका आबांचं रान कालव्यातून फुटलेल्या चारीच्या अगदी शेवटाला, म्हणजे टेलला होतं. मशीन नुकतंच कोरं होऊन आलेलं, आबांना तक्त्यात आपलं नाव सापडलं नाही आणि पाळी हुकली. आता पुढच्या पाळीपर्यंत ऊस तसाच वाळणार होता. आबा बारामतीला आले, मॅडमसमोर बसले. भांडले नाहीत.

"मॅडम, माझं नाव तुमच्या मशिनीत हाय का न्हाय, तेवढं सांगा."

मॅडमनी पडदा त्यांच्याकडं वळवला. नाव होतं.

"हितं हाय की," आबा म्हणाले. "पर ऊस तिकडं हाय."

त्या दिवशी मॅडमनी डबा उघडला तो फक्त फ्लॉपी काढायला. संध्याकाळपर्यंत त्यांनी सगळ्या तक्त्याचं चित्र करून टाकलं. चित्राला फॉन्ट लागत नाही, ते सगळीकडं सारखंच दिसतं. आम्हाला वाटलं, सुटलो.

पण डेअरीतलं इंटरनेट फोनलाइनवरचं, संथ. चित्र वरून खाली पट्ट्यापट्ट्यानं उतरायचं, आणि तक्त्यात चारीच्या मुखाकडची मंडळी वर, टेलची तळाला. आबांचा फोन आला. "वरची समदी आली बगा मॅडम. आमच्यापातूर यायच्या आत लाइन तुटली. पाणी बी आसंच करतंय."

मॅडमनी फोन ठेवला. मग तक्ता उलटा केला. टेलची नावं वर, मुखाकडची खाली. "नियमानं पाणी टेलकडूनच द्यायचं असतं," त्या मला म्हणाल्या. "उलटा तक्ता आधीचा होता. मी सुलटा केलाय."

पुढची पाळी आबांना मिळाली. त्याच आठवड्यात मुखाकडचे वजनदार लोक सेंटरच्या साहेबांच्या केबिनमध्ये येऊन बसले. आमची नावं तळाला कशी, एवढीच त्यांची तक्रार. साहेबांनी मॅडमना बोलावून पहिल्यासारखं करा म्हटलं.

"यांचं पाणी आधी पोचतंयच, साहेब," मॅडम म्हणाल्या. "नाव जरा मागनं आलं तर काय बिघडतंय?" आणि जागेवर येऊन त्यांनी जेवायला घेतलं.

महिना संपला तेव्हा त्यांना उद्यापासून येऊ नका असं सांगण्यात आलं. कारण कुणी दिलं नाही, त्यांनी विचारलं नाही. चपला पायात सरकवल्या, डब्यातून फ्लॉपी काढून माझ्या हातात ठेवली. तिला लसणाच्या चटणीचा वास येत होता. "आता रोजची एसटी सुटली," म्हणाल्या. त्या पायऱ्या उतरून गेल्या तेव्हा मला फार एकटं वाटलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं आणि तक्ता पहिल्यासारखा करायला सांगितलं. चुटकीसरशी होणारं काम, मॅडमनीच शिकवलेलं.

"ते मॅडमनाच यायचं, साहेब," मी म्हणालो. "मला जमत नाही."

सेंटर बंद पडेपर्यंत मला ते जमलं नाही. आबांचं नाव शेवटपर्यंत पहिलं राहिलं.